उस्तादाचा डावा पाय

अमरावतीच्या दवाखान्यात उस्तादाचा डावा पाय गुडघ्याखालून कापला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला पाहायला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये बसल्या बसल्या ठरवून ठेवलं होतं. धीराचं, चार लोक बोलतात तसं. खाटेजवळ पोचलो तर उस्ताद उशीला टेकून बसलेला. अंगावर चादर. उजवीकडे चादरीखाली पायाचा उंचवटा थेट खाटेच्या टोकापर्यंत, आणि डावीकडे अर्ध्यातूनच चादर सपाट. त्या सपाट जागेवर माझी नजर गेली आणि ठरवून नेलेलं सगळं तोंडातच राहिलं.

उस्तादानं माझ्याकडे पाहिलं. "काहून बे," म्हणाला, "आता क्लच कोन दाबन?"

मला वाटलं, भुलीचं औषध अजून उतरलं नाही. पण डोळे साफ होते. त्याची लेक अकोल्याहून आली होती, बाजूला बसून संत्रं सोलत होती. तिचा हात तसाच थांबला.

"बाबा, जीव वाचला ते पाहा ना," ती म्हणाली.

"जीव वाचला, खरं हाये. पन जीव क्लच दाबत नाही ना बाई."

पाय गेल्याचं त्याला काही वाटतच नव्हतं. गाडी गेली, याचं वाटत होतं. दोन पायांशिवाय क्लचची गाडी चालत नाही, आणि बिनक्लचच्या गाडीला, ज्याला सगळे ऑटोमॅटिक म्हणतात तिला, हा माणूस जन्मभर गाडी म्हणायला तयार नव्हता. मग आता उरलं काय? लेकीच्या घरी अकोल्याला जायचं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसायचं आणि खालून जाणाऱ्या गाड्या पाहायच्या. लेकीनं तेच ठरवलं होतं. उस्तादालाही ते दिसत होतं.

उस्ताद आता नाही. त्याच्या माघारी गावात लोक सांगतात की बुढा शेवटी हरला, आपल्याच थुंकीत पडला. ते काय झालं ते मी बाजूला बसून पाहिलं आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही परीक्षेला बसलो नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला शाळा लागत नाही.

जन्मभर त्यानं सरकारी जीप चालवली, मेळघाटात. साहेब बदलत गेले, ड्रायव्हर तोच. निवृत्त झाल्यावर भातकुलीकडच्या आमच्या गावात परत आला, लिलावातली एक जुनी जीप घेऊन. दोन दांड्यांची: एक गिअरचा, दुसरा चारही चाकांना जोर द्यायचा. आमच्या गावाला अशीच गाडी पाहिजे. आजकाल पोट्टे मोबाईलवर दाखवतात, रंगीबेरंगी गाड्या मुद्दाम चिखलात घालतात आणि शिट्ट्या मारतात. मुद्दाम! आमच्याकडे गावातून शेतात जायची जी पांदण आहे, ती पावसाळ्यात चिखलाशिवाय दुसरी काही नसतेच. काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते की मडगार्डच्या आत भरत भरत चाकच जाम करते. बैल घालून गाडी काढायची म्हणजे गावात वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. उस्तादाच्या जीपला कधी बैल लागले नाहीत.

मला गाडी त्यानंच शिकवली. मी तेव्हा काही लहान नव्हतो, पोराचं लग्न झालं होतं माझ्या. पहिले आठ दिवस इंजिन सुरूच करू दिलं नाही. निंबाखाली बंद जीप, जीपमध्ये मी, आणि हा बाजेवर बसून फुटाणे खातो आहे. "दाब. सोड. दाब. सोड." चप्पल काढायला लावायचा. स्वतःही अनवाणीच चालवायचा, उन्हाळा असो की हिवाळा.

"चामडं मंधात आलं की क्लच बोलत नाही," तो सांगायचा. "क्लच धरते ना, तव्हा पायाच्या बोटाले मुंगी चढल्यावानी लागते. ते समजलं तं ड्रायव्हर. नाही समजलं तं कंडक्टर."

"मले समजून राहिलं," मी म्हणालो.

"गाडी बंद हाये बे. तुले काय घंटा समजून राहिलं?"

शिकणाऱ्याला तो असाच बोलायचा. पण जिल्ह्यात त्याच्या हाताखालून गेलेला माणूस चिखलात फसला असं मी ऐकलं नाही.

माणसंही तो गिअरनंच मोजायचा. आमचा एक सरपंच भाषणं फार करायचा, त्याच्याबद्दल म्हणाला, "न्यूट्रलमधी रेस देऊन राहिला. आवाज भल्ला, गाडी जागच्या जागी." गावातला एक म्हातारा नव्वदीत शेतातच गेला, दुपारी डवऱ्यानं पिकातलं तण काढता काढता. मौतीला सगळे मान खाली घालून उभे, आणि हा मोठ्यानं बोलला, "टॉपमधीच गेला बुढा. घर्रघर्र केली नाही, काही नाही." बाया रडता रडता थांबल्या. मला धरणी फाटली तर बरं असं झालं. मेलेल्याचा पोरगा मात्र नंतर मला म्हणाला की त्या दिवसात तेवढं एकच बोलणं कानाला बरं लागलं.

गाडी उभी केली की गिअरच्या दांड्यावरची मूठ आटे फिरवून काढायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. चोर येईल म्हणून. त्या जीपला चोर! लग्नाच्या पंगतीत बसला की मूठ पत्रावळीशेजारी. वाढणाऱ्यानं एकदा तिच्यावर चुकून बुंदी वाढली. उस्तादानं बुंदी खाल्ली, मूठ पुसली आणि खिशात ठेवली.

आणि पोळा. ते लिहिलं नाही तर उस्ताद लिहिलाच नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. वर्षभर जू त्या खांद्यावर असतं ना. उस्तादाकडे बैल नव्हते. पहिल्याच वर्षी मी त्याच्याकडे गेलो तर हा जीपमध्ये वाकून बसलेला आणि गिअरच्या दांड्याला तूप-हळद चोळतो आहे. मन लावून. चोळून झाल्यावर दांड्याजवळ तोंड नेऊन हळूच आवतन दिलं.

"उस्ताद, हे काय करून राहिला?"

"खांदेमळणी."

"लोक दसऱ्याले पुजतात गाडी."

"दसऱ्याले हत्यार पुजते. ही काय कोनाले मारते? ही वढते. वढते तो बैल."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या रांगेत जीप उभी. झूल घातलेली. एका बुढीनं तर त्याला तोंडावर शिव्या घातल्या, मुक्या जनावरांचा सण बाटवला म्हणून. त्यानं बॉनेटवर पुरणपोळी ठेवली, त्या बुढीच्या पाया पडला आणि घरी गेला. पुढं पुढं असं झालं की तोरण तुटायची वेळ आली तरी जीप दिसली नाही तर बैलवालेच विचारायचे, "उस्ताद आला नाही काय रे अजून?"

अशा माणसानं ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदा पाहिली ती कोणाच्या तरी शहरच्या पाहुण्याची. आत वाकून पाहिलं. दोनच पायदानं. पाहुण्याला अगदी काळजीनं विचारलं, "तिसरं कुठं पडलं?" पाहुणा म्हणाला, असंच असतं काका, गिअर आपोआप पडतात. उस्ताद गाडीभोवती एक चक्कर मारून आला, बाजारात लंगडं ढोर पाहावं तसा. मग मला म्हणाला, "हे म्हंजे घरजावई होय बे. आयतं जेवते, चांगलं दिसते, आन खरं काम पडलं की पाहत बसते."

तेव्हापासून त्याचं तेच चालू. ऑटोमॅटिकवाला दिसला की घरजावई आला म्हणायचा.

आता माझ्या सुनेचं. ती ढोरांची डॉक्टर आहे. पावसाळ्यात कोणाची गाय अडली, कोणाचा बैल फुगला, की हिला पांदणीतून जावं लागतं. तिला चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची होती, आणि ती ऑटोमॅटिक. मी म्हणालो, या घरात ते येणार नाही. ती म्हणाली, "मामाजी, चालवनार मी हावो की तुमी?" सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात, पण तिच्या मामाजी म्हणण्यात कधी कधी नुसता मान नसतो. मी उस्तादाला बोलावून आणलं. आमच्या अंगणात बाजेवर पंचायत बसली.

"पोरी," उस्ताद म्हणाला, "चिखलदऱ्याचा घाट उतरताना गाडी कोन धरन? गिअरमधी टाकली की इंजिन धरते. तुही तं गोटीवानी सुटन."

"तिलेही खालचा गिअर असते उस्तादजी. दांडा खाली वढला की थेही इंजिनावर धरते."

"बॅटरी बसली तं? धक्का मारून सुरू होईन का?"

"नाही होनार."

"आं! ऐकलं का बे?" तो माझ्याकडे वळला. मी मान डोलावली.

"पन चिखलात अर्ध्यात गिअर बदलावा लागत नाही," सून म्हणाली. "तुमी क्लच दाबला की चाकाचा जोर तुटते. तेवढ्यात काळी माती धरून घेते. हिचा जोर तुटत नाही."

उस्तादानं एक फुटाणा तोंडात टाकला. "ज्याले जोर तुटू न देता गिअर टाकता येते, त्याले कायले पाहिजे हे?"

"आन ज्याले येत नाही त्यानं?"

"त्यानं शिकावं."

सुनेनं गाडी घेतली. ऑटोमॅटिकच. पेढे वाटले, मी खाल्ला नाही.

त्याच पावसाळ्यात तो दिवस आला. नाल्यापलीकडच्या शेतात एक गाय अडली होती, माणूस धावत आला. सकाळीच पाऊस थांबला होता. सून बॅग घेऊन गाडीकडे निघाली तर उस्ताद तिच्या गाडीसमोर आडवा उभा. "हे घरजावई नाल्यात बसन आन गाय मरन. चाल, बस जीपमधी." गायीच्या जिवाचा प्रश्न, भांडायला वेळ नाही. ती बसली. मी मागे बसलो. माझी छाती फुगली होती, खरं सांगतो. मनात म्हणालो, आता पाह्य पोरी.

पांदणीत शिरलो आणि मला वास आला. जळक्या क्लच प्लेटीचा.

"उस्ताद, वास कायचा येऊन राहिला?"

"तुह्या डोक्याचा."

जीप ओढत नव्हती. इंजिन ओरडत होतं आणि चाक कुथत होतं. मी मागून वाकून खाली पाहिलं. त्याचा डावा पाय क्लचवर होता, अर्धा दाबलेला.

"उस्ताद, पाय काढ!"

"कोनता पाय? पाय खालीच हाये."

"क्लचवर हाये बे!"

त्यानं खाली पाहिलं. आणि मी त्याचं तोंड पाहिलं. आपल्याच पायाकडे तो असा पाहत होता, जसा कोणी परका माणूस न विचारता त्याच्या गाडीत येऊन बसला आहे. ज्यानं आम्हाला सांगितलं की क्लच बोटाला मुंगीसारखा लागतो, त्याला आपला पाय कुठं आहे हेच माहीत नव्हतं.

जीप जागेवरच बसली. बॉनेटखालून धूर. उस्ताद उतरायला लागला तर क्लचच्या पायदानावर लाल डाग. सुनेनं त्याला परत बसवलं आणि पाय उचलून तळवा पाहिला. बाभळीचा काटा, बोटाएवढा, पार आत गेलेला. आजचा नव्हता तो. भोवतीचं मांस काळं पडलं होतं.

"कधी रुतला हा?" तिनं विचारलं.

"काय?" उस्ताद म्हणाला.

तिनं चिमट्यानं काटा उपसला. पू आला, रक्त आलं. मी शेतकरी माणूस, ढोरांच्या किडे पडलेल्या जखमा या हातानं धुतल्या आहेत, पण मी तोंड फिरवलं. आणि उस्तादानं जांभई दिली. खरंच दिली. काटा उपसताना माणूस जांभई देतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

"निंगाला का?" त्यानं विचारलं.

"शुगर तपासली का तुमी कधी?" सुनेचा आवाज बदलला होता.

"गाडीची सगळी तपासणी येळेवर हाये."

ढोरांच्या पट्टीनंच तिनं पाय बांधला, बॅग डोक्यावर घेतली आणि साडी खोचून चिखलातून पायी गेली. गाय वाचली, वासरूही वाचलं. परत येऊन तिनं आपली ऑटोमॅटिक पांदणीत आणली, उस्तादाला तिच्यात घातलं आणि अमरावतीला नेलं. मागच्या सीटवर तो डोळे मिटून बसला होता. ग्लानी नव्हती त्याला. ती गाडी पाहायची नाही म्हणून. आधी बोटं कापली, मग पाऊल, मग गुडघ्याखालून.

जीपला मी नवी क्लच प्लेट टाकून आणली. हिवाळ्यात उस्तादाला रबरी पाय बसवला. त्यानं तो घातला, काठी टेकत सरळ जीपकडे गेला, बसला, आणि निंबाखाली उभ्या गाडीत क्लच दाबत-सोडत राहिला. मी बाजेवर होतो. खूप वेळानं उतरला.

"दबते," म्हणाला. "पन बोलत नाही. रबराले काही समजत नाही बे."

लेकीचे अकोल्याहून फोन येत होते. खोली तयार आहे म्हणे, खिडकीला नवी जाळी बसवली. उस्ताद फोन कानाला लावून नुसता हं हं करायचा. आणि मग एक दिवस, पेरण्या आटोपल्या होत्या, तो मला म्हणाला, "तू डाव्या बाजूले बस. तुहा उजवा पाय इकडे घाल. मी म्हनलं दाब की दाबायचा. सोड म्हनलं की सोडायचा."

शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. मी हो म्हणालो. शिकवलं होतंच त्यानं मला, आठ दिवस, बंद गाडीत.

पाय गिअरच्या दांड्यासमोरून तिरपा घालून मी क्लचवर ठेवला. त्यानं स्टेअरिंग, ब्रेक, ॲक्सिलेटर आणि दांडा सांभाळला. आणि राजेहो, गाडी चालली! क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर, गाडीला पायदानं तीन, आणि आमच्या दोघांत मिळून पायही तीनच होते. गावातून गेलो तर पारावरचे लोक उठून उभे राहिले. उस्ताद "दाब" म्हणायच्या आत माझा पाय खाली जायला लागला. अकोल्याचा फोन आला तर त्यानं घेतला नाही. रोज संध्याकाळी शेतापर्यंत जाऊन यायचो. मला वाटलं, झालं, देवानं सोय केली.

मग एक दिवस सर येऊन गेल्यावर नाल्यात घातली. उतरलो बरोबर. पलीकडच्या चढावर अर्ध्यात जोर कमी पडला, उस्ताद ओरडला, "दाब!" मी दाबला. त्यानं दांडा खाली ओढला. "सोड!"

माझ्या पोटरीत गोळा आला. पाय ताठ झाला, क्लच तळाशी, आणि पाय काही केल्या उचलेना.

"सोड बे!"

"सुटत नाही!"

जीप मागे घसरायला लागली. त्यानं ॲक्सिलेटरवरचा पाय ब्रेकवर मारला. चाकं थांबली, पण काळ्या मातीवर थांबलेलं चाक आणखीच घसरतं. आडवे होत होत आम्ही नाल्यात आलो आणि जीप एका बाभळीला टेकून तिरपी राहिली. उस्ताद माझ्या अंगावर. पाणी मांडीपर्यंत. पाहतो तर पाण्यावरून एक पाय वाहत चाललेला, चप्पल घातलेला.

"पाय गेला!" मी बोंबललो.

"कोनाचा?" उस्तादाचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता.

"तुहा! रबराचा!"

"मंग जाऊ दे," तो माझ्या छातीवर डोकं टेकून म्हणाला. "मले वाटलं तुहा."

बाभूळ नसती तर दोघंही जीपखाली गेलो असतो. सून आली, आपल्या गाडीला दोर बांधून तिनं जीप ओढून काढली. उस्ताद काठावर बसून पाहत होता. जिला तो घरजावई म्हणायचा तिनं त्याच्या जीपला ओढलं आणि ती चिखलात नुसती हुंकारत वर गेली, थांबली नाही, घसरली नाही.

सून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल. "तुमाले दोघालेही एकाच खुट्याले बांधून ठेवावं लागते," म्हणाली. मग आवाज खाली आणला. "उस्तादजी, आजपासून हे बंद. चालवनं सोडा आन अकोल्याले जा, नाही तं हे चालवा. डांबरावर नाही, आपल्या पांदणीपुरती. पन हेच."

"थुंकलेलं चाटू काय मी?" उस्ताद म्हणाला.

त्यानंतर उस्ताद घराबाहेर निघेना. जीप निंबाखाली झाकून ठेवली. मी रोज जायचो, तो बाजेवर पडलेला असायचा. लेकीनं निरोप पाठवला की येत्या ऐतवारी घ्यायला येते. मी मनातून त्याच्या बाजूनं होतो. अकोल्याला जाईल, पण शब्द सोडणार नाही, असा माणूस गावात एक तरी आहे, याचा मला अभिमान वाटत होता.

शनिवारी सकाळी मी अंगणात चहा घेत होतो. कुबड्या टेकत उस्ताद आला. माझ्याकडे पाहिलं नाही. दारातून आत हाक मारली, "पोरी, चावी दे."

सुनेनं चावी आणून दिली. मला म्हणाला, "बाजूले बस. पन काही दाबू नको."

मी बसलो. सांगतो ना, माझं डोकं चालत नव्हतं तेव्हा. तिनं खिडकीतून दोन गोष्टी सांगितल्या, दांडा कुठं ठेवायचा, चारही चाकांचं बटण कोणतं. पांदणीत शिरलो. गाडीचा आवाज बदलला, गिअर बदलायची वेळ झाली, की उस्तादाची डावी मांडी आपोआप उचलायची आणि खाली यायची. खाली काहीच नव्हतं. दर वेळी उचलायची. मला तिकडे पाहवेना, म्हणून समोर पाहत राहिलो.

नाला आला. खालचा गिअर टाकून उतरलो, गाडीनं स्वतःला धरून ठेवलं. मग चढ. जिथं माझी पोटरी धरली होती ती जागा आली. मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड पकडला. चाकं हळूहळू फिरत राहिली, माती उडाली नाही, आवाज तुटला नाही. आणि आम्ही वर.

उस्तादानं गाडी थांबवली. मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर स्टेअरिंगवर डोकं आपटेल. मी तयार होतो. दोस्त आहे, सांभाळेन. तर त्यानं गाडी वळवली. पुन्हा खाली घातली. पुन्हा वर काढली. पुन्हा खाली. आणि हसायला लागला! पुढचे दात पडलेलं ते तोंड उघडून, पोट हलवत.

"तुटत नाही बे!" मांडीवर थाप मारत ओरडला. "जोर तुटतच नाही! पाह्य, पाह्य!"

मी सुन्न झालो. पाय कापला तेव्हा झालो नव्हतो इतका. ज्याच्या शब्दावर मी घरात सुनेशी भांडलो, पेढा खाल्ला नाही, तो माणूस शिंगं फुटलेल्या गोऱ्ह्यासारखा उड्या मारत होता.

"मंग जिंदगीभर आमाले काय शिकवलं तुनं?" मी ओरडलो. "खोटं शिकवलं काय?"

हसणं थांबलं. "खोटं नाही. दोन पायायचं शिकवलं. तव्हा मले दोन होते."

"आन घरजावई म्हने ते?"

"आता मीच घरजावई झालो असतो ना बे, अकोल्याले. लेकीच्या घरी, आयतं जेवत, खिडकीत बसून." त्यानं स्टेअरिंगवर हात ठेवला. "हिनं वाचवलं."

उत्तर सुचत नाही तेव्हा मी उठून जातो, ही माझी पद्धत आहे. दार उघडलं आणि उतरलो. घोट्यापर्यंत चिखल. गावाकडे चालायला लागलो.

गाडी मागून आली, बाजूला लागली. काच खाली. "बस ना बे. पाह्य लोक काय म्हनतीन. दोन पायाचा पायी चालून राहिला आन लंगडा गाडीत!"

मी समोर पाहून चालत राहिलो. चपलेला मणभर माती चिकटली, ती काढायला थांबलो. तोही थांबला. मी चाललो, तो चालला. मी मुद्दाम हळू झालो, तो हळू झाला. बांधावर हात टेकून दम घेतला, गाडी बाजूला हूं करत उभी. माझ्यासारख्या बुढ्याच्या चालीनं, इतक्या वेळा थांबत-चालत, चिखलातून जीप आणायची म्हटली असती तर गाव येईपर्यंत क्लच प्लेटीची राख झाली असती. त्यानं ती आणलीच नसती. मला शिव्या देऊन पुढं निघून गेला असता, आणि बरोबर केलं असतं.

मारुतीच्या पारापर्यंत तो असाच माझ्या बाजूनं आला. मधे दोन ठिकाणी शेतातून आडवी पायवाट फुटते, जवळची आहे, आणि तिथं गाडी येत नाही. मी गाडीत बसलो नाही. पण त्या पायवाटेनंही गेलो नाही.